खुराड्याची राखण

दिवेलागणीच्या सुमारास कोंबड्या आपण होऊन खुराड्याकडे परततात. घरातील बाई त्यांची मोजदाद करते, दार लावते, कडी घालते आणि निश्चिंत मनाने झोपी जाते. सकाळी दार उघडते, तर दोन कोंबड्या मरून पडलेल्या असतात आणि तिसरीचा पत्ताच नसतो. परसात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला अशी एखादी सकाळ कधी ना कधी येतेच.

हे नुकसान वरवर पाहता लहान वाटते. प्रत्यक्षात ते तसे नसते. गाय किंवा शेत सहसा घरातील कर्त्या पुरुषाच्या नावावर असते. परंतु कोंबड्या व अंडी यांतून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. मुलांची वह्यापुस्तके, अचानक आलेले दुखणे, सणासुदीची खरेदी अशा गरजा त्यातून भागतात. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी आढळली आणि त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसातील होते. यावरून किती घरांचा संसार या पक्ष्यांशी जोडलेला आहे, याची कल्पना येईल.

कोंबडी मेली की मनात पहिला प्रश्न येतो, ‘कोणी मारली?’ या प्रश्नाचे उत्तर आपण फार लवकर देऊन टाकतो. आदल्या दिवशी जो प्राणी परसात दिसला असेल, तोच अपराधी ठरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार आहे. प्रस्तुत पाठात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. हल्ला करणारा प्राणी खुणांवरून कसा ओळखावा, ही पहिली गोष्ट. आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, ही दुसरी.

एक आठवण

मी शाळेत असताना सुट्टीत मावशीच्या गावी, रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात, राहायला जात असे. एका वर्षी मावशीच्या कोंबडीने अकरा पिल्ले काढली होती. रात्री कोंबडी व पिल्ले पडवीत डालग्याखाली झाकून ठेवलेली असत. तरीही रोज सकाळी एक-दोन पिल्ले कमी भरत. दुपारच्या वेळी बांधावरून एक मुंगूस ये-जा करताना सर्वांनीच पाहिले होते. “हाच तो चोर,” असे ठरले. शेजारच्या आबांनी फासा लावला आणि तिसऱ्या दिवशी मुंगूस मेले. घरातील सर्वांना हायसे वाटले.

पुढच्या आठवड्यात आणखी चार पिल्ले गेली.

शेवटी पडवी सारवण्यासाठी कोपऱ्यातील भाताची कणगी हलवली, तेव्हा तिच्याखाली एक रुंद बीळ सापडले. त्याचे दुसरे तोंड डालग्याच्या अगदी जवळ निघत होते. बिळाच्या तोंडाशी पिल्लांचे पाय आणि पिसे पडली होती. ते बीळ घुशीचे होते. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, “चोर घरातच होता, आणि मारला मी राखणदाराला.”

मावशीचे हे म्हणणे खरे होते. उंदीर, घुशी आणि साप हे मुंगसाचे भक्ष्य आहे. शिवाय आपल्याकडे सर्वत्र आढळणारे करड्या रंगाचे मुंगूस मुख्यतः दिवसा शिकार करते. पिल्ले नाहीशी होत होती रात्री. एवढा एक विचार वेळीच सुचला असता, तर एका निरपराध जिवाचा बळी गेला नसता आणि चार पिल्लेही वाचली असती. ‘पंचतंत्रा’त बाळाचे रक्षण करणाऱ्या मुंगसाला घाईने मारणाऱ्या ब्राह्मणीची कथा आहे. ज्या तंत्रात ती येते त्याचे नावच ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे पारख न करता केलेली कृती, असे आहे. मला ती कथा त्या वर्षी खऱ्या अर्थाने समजली.

वेळ काय सांगते?

पहिला पुरावा म्हणजे हल्ल्याची वेळ. दिवसाउजेडी येणारे शत्रू निराळे आणि रात्री येणारे निराळे. घार, शिक्रा, कावळा, मुंगूस आणि घोरपड हे दिवसा वावरतात. कोल्हा, रानमांजर, उदमांजर, घुबड, घूस आणि उंदीर यांचा वावर मुख्यतः रात्री किंवा तिन्हीसांजेला व पहाटे असतो. भटकी कुत्री व मांजरे दोन्ही वेळा येऊ शकतात. सापांमध्ये धामण दिवसा फिरते. नाग दिवसा तसाच रात्रीही आढळतो.

म्हणून संध्याकाळी आणि सकाळी, अशी दोन्ही वेळा कोंबड्यांची मोजणी करण्याची सवय लावून घ्यावी. संध्याकाळीच संख्या कमी भरली, तर नुकसान दिवसा मोकळ्या जागेत झालेले असते. सकाळी कमी भरली, तर दोष खुराड्यात आहे, असे समजावे. दोन मिनिटांच्या या मोजणीने शोधाचे निम्मे काम होते.

खुणा काय सांगतात?

दुसरा पुरावा म्हणजे मागे राहिलेल्या खुणा. जागा झाडून काढण्यापूर्वी ती नीट पाहावी.

अनेक कोंबड्या मारलेल्या, फाडलेल्या, इतस्ततः टाकलेल्या आणि न खाल्लेल्या आढळल्या, तर बहुधा ते भटक्या कुत्र्यांचे काम असते. कुत्रे भूक नसतानाही पळणाऱ्या पक्ष्याचा पाठलाग करते. त्यांनी खुराड्याच्या फळ्या कुरतडल्याच्या किंवा दाराशी माती उकरल्याच्या खुणाही दिसतात.

एकच कोंबडी पूर्णपणे नाहीशी झाली असेल आणि कुंपणाच्या दिशेने पिसांची ओळ गेलेली असेल, तर कोल्हा किंवा रानमांजर यांचा संशय घ्यावा. हे प्राणी भक्ष्य उचलून आडोशाला नेतात. जंगलालगतच्या किंवा उसाच्या पट्ट्यातील गावांत बिबट्याही असे करू शकतो. तेथे पायांचे मोठे ठसे दिसल्यास शोध थांबवून वनविभागाला कळवावे.

कोंबडीचे डोके किंवा मान तेवढी नाहीशी आणि धड जागीच पडलेले, असे दिसले तर जाळीची छिद्रे तपासावीत. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचे डोके बाहेरून ओढले जाते आणि धड आत राहते. मुंगूस किंवा उदमांजर खुराड्यात शिरले, तर मानेवर व डोक्यावर चावे आढळतात. अरुंद जागेत कोंडलेल्या, फडफडणाऱ्या कोंबड्या पाहून हे प्राणी कधी कधी गरजेपेक्षा अधिक जीव घेतात.

मोकळ्या जागेत एका ठिकाणी पिसांचे वर्तुळ पडलेले असेल आणि छातीचे मांस खाल्लेले असेल, तर तो शिकारी पक्षी समजावा. पिसांचे देठ पाहावेत. पक्षी पिसे उपटतो, म्हणून देठ अखंड राहतात. दातांनी ओरबाडलेल्या पिसांचे देठ अनेकदा तुटलेले व चावलेले दिसतात. लहान पिल्लांच्या बाबतीत मात्र असा पुरावा उरत नाही. घार झेप घेते आणि पिल्लू पायांत धरून उडून जाते.

पिल्लू मेलेले आहे, जखम नाही, परंतु डोके व खांदे ओलसर, चिकट झालेले आहेत, अशी खूण आढळली तर सापाने ते गिळण्याचा प्रयत्न करून सोडून दिलेले असते. साप अंडे अखंड गिळतो, त्यामुळे कवच मागे राहत नाही. कावळा अंड्याला चोचीने भोक पाडतो किंवा ते उचलून नेतो. अंडी फुटलेली, गवत ओले आणि कोंबडीच्याच चोचीला बलक लागलेला, असे दिसले तर चोर बाहेरचा नाही. कोंबड्यांना स्वतःचीच अंडी खाण्याची सवय लागलेली असते. खाद्यात शिंपल्यांची भुकटी किंवा चुनखडी देणे, अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करणे आणि गर्दी कमी करणे, हे तिच्यावरील उपाय आहेत.

पायांचे ठसेही बोलके असतात. संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा चुलीतील राखेचा किंवा चाळलेल्या मातीचा पट्टा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर ठसे उमटलेले दिसतील. कुत्र्याच्या व कोल्ह्याच्या ठशात चार बोटे आणि पुढे नखांच्या खुणा असतात. मांजराचा ठसा गोलसर असतो. मांजर चालताना नखे आत ओढून घेते, म्हणून त्याची खूण उमटत नाही. मुंगसाच्या पायाला पाच बोटे असतात आणि लांब नखांचे ओरखडे दिसतात. नागमोडी रेषा दिसली, तर ती सापाची.

एक गोष्ट मात्र विसरू नये. जो खाताना दिसला, तोच मारेकरी असतो असे नाही. आधीच मेलेल्या कोंबडीवर कावळे, मांजरे व मुंगूस येतात.

जखम नसेल तर?

पाठोपाठ अनेक कोंबड्या मेल्या आणि अंगावर जखमा नसल्या, तर शत्रू शोधत बसू नये. तो आजार असण्याची शक्यता अधिक असते. मान वाकडी होणे, पंख लुळे पडणे, हिरवट हगवण लागणे ही राणीखेत या रोगाची लक्षणे आहेत. लसीकरणाने तो टाळता येतो. बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता. म्हणून अशा वेळी मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नयेत, खाऊ नयेत, विकू नयेत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित कळवावे.

खुराडे कसे असावे?

शत्रू कोणताही असो, तो फटीतूनच येतो. प्राणी मारला तरी फट राहते आणि त्या फटीतून दुसरा प्राणी येतो. फट बुजवली, तर सर्वांचीच वाट बंद होते. म्हणून खर्च करायचाच तर तो खुराड्यावर करावा.

खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच खांबांवर असल्यास घुशी व कुत्री यांपासून पुष्कळ संरक्षण मिळते. प्रत्येक खांबाला गुळगुळीत पत्र्याचा उलट्या नरसाळ्यासारखा पट्टा बसवावा. त्यावरून उंदरांना वर चढता येत नाही. खुराडे जमिनीवरच असेल, तर तळाला फरशी किंवा काँक्रीट घालावे. तेही शक्य नसेल, तर जाळी कडेने एक फूट खोल पुरावी आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूस वळवावी. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो आणि जाळीला अडतो.

बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, साप व उंदीर तिच्यातून आत येतात. तिच्याऐवजी अर्धा इंच छिद्रांची, जोड पक्के असलेली तारेची जाळी वापरावी. खालचा दीड-दोन फुटांचा भाग फळ्यांनी किंवा पत्र्याने बंद करावा, म्हणजे कोंबडीचे डोके बाहेर ओढले जाणार नाही. बसण्याची काठी भिंतीपासून दूर असावी. हवा खेळण्यासाठी वरच्या बाजूस जाळी ठेवावी; खुराडे पूर्ण बंद केल्यास कोंबड्या गुदमरतात.

दाराला नुसती दोरी बांधू नये. कडी असावी आणि कडीत खिळा किंवा लाकडी खुंटी घालावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, खुराड्याच्या फटी, कुजलेल्या फळ्या व गंजलेली जाळी तपासावी.

रात्री खुराड्यात किंवा आसपास खाद्य सांडलेले राहू देऊ नये. त्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप येतो. खुराड्याभोवती पाच-सहा फूट जागा स्वच्छ ठेवावी. लाकडांचे ढीग, विटांचा खच आणि वाढलेले गवत हे लपण्याचे ठिकाण होते.

दिवसाची राखण

दिवसा कोंबड्यांना मोकळे सोडणे, हाच परसातील पालनाचा लाभ आहे. किडे, गवताचे बी आणि उष्टेखरकटे यांवर त्यांचे पोट भरते. ते न थांबवता धोका कमी करावयाचा असतो. पिल्ले किमान पहिले पाच-सहा आठवडे डालग्याखाली किंवा वरून झाकलेल्या आवारात ठेवावीत. घारींपासून बचावासाठी परसात शेवगा, तूर, केळी, बुटकी झुडपे असावीत. घारीची सावली दिसताच कोंबडी पिल्लांना घेऊन त्यांखाली शिरते. आवारावर माशांचे जुने जाळे ताणल्यास तेही उपयोगी पडते. मात्र जाळ्याची टोके जमिनीवर लोळू देऊ नयेत. त्यांत साप अडकून जखमी होतात आणि माणसालाही धोका निर्माण होतो. चकचकीत पट्ट्या व बुजगावणी काही दिवस काम देतात. कावळ्यांना लवकरच त्यांची सवय होते, म्हणून जागा बदलत राहावी.

कळपात एखादा अनुभवी कोंबडा ठेवावा. आकाशातील शत्रू दिसला तर तो एक आवाज काढतो, जमिनीवरचा दिसला तर निराळा. आणि कोंबड्या त्यानुसार लपतात किंवा सावध होतात. देशी कोंबड्या रंगीत, चपळ व सावध असतात, म्हणून त्या परसात अधिक टिकतात. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी विकसित केलेल्या ‘वनराज’ जातीचे पक्षीही रंगीत पिसांचेच आहेत. पांढरा पक्षी दुरूनही नजरेत भरतो.

विष नको, फास नको

संतापाच्या भरात काही लोक मेलेल्या कोंबडीत विष घालून ठेवतात. ते विष नेमक्या चोरालाच मिळेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शेजाऱ्याचा कुत्रा, आपले मांजर, घार किंवा खेळणारे मूलही त्याला बळी पडू शकते. विषाने मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर घुबडही मरू शकते आणि उंदरांचा एक शत्रू कमी होतो.

ही कृती बेकायदाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे आणि कायद्याने केलेल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच विष घालणे, पकडणे व सापळा लावणे यांचाही समावेश होतो. मुंगूस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, घोरपड, घार, नाग, धामण हे सर्व संरक्षित प्राणी आहेत. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन अनुसूचींची नव्याने मांडणी झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

खुराड्यात साप दिसल्यास काठी घेऊन धावू नये. मुले व माणसे दूर करावीत, सापावर दुरून लक्ष ठेवावे आणि वनविभागाला किंवा सर्पमित्राला बोलवावे. अंधारात खुराड्यात हात घालू नये. आधी विजेरीचा उजेड पाडावा आणि मगच अंडी उचलावीत. सर्पदंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे, मंत्रतंत्र यांत वेळ न घालवता रुग्णाला न हलवता-चालवता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. कुत्रा, मांजर, कोल्हा किंवा मुंगूस चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

समारोप

मावशीने त्या वर्षी पडवीतील बीळ दगड व चुन्याने बुजवले, कणगी उंच फळीवर ठेवली आणि डालग्याखाली एक फरशी टाकली. पुढच्या खेपेस कोंबडीने नऊ पिल्ले काढली. त्यांतील एक घारीने नेले, आठ मोठी झाली. बांधावर नवे मुंगूस येऊन राहिले होते. त्याला कोणी हाकलले नाही.

निसर्गात कोंबडी हे अनेकांचे अन्न आहे. तिचा मोह प्राण्यांना होणारच. आपली कोंबडी वाचवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु त्या अधिकाराबरोबर आधी पाहण्याची, मग विचार करण्याची आणि त्यानंतर कृती करण्याची जबाबदारीही येते. संतापाने उचललेली काठी एका प्राण्याला मारते. विचारपूर्वक बुजवलेली फट सर्व कोंबड्यांना वाचवते.

स्वतः करून पाहा

१. तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या खुराड्याभोवती सलग तीन रात्री राखेचा पट्टा पसरा आणि सकाळी उमटलेल्या ठशांची वहीत नोंद करा.

२. या पाठात आलेल्या प्राण्यांना तुमच्या भागात कोणत्या नावांनी ओळखतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

३. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ या म्हणीचा प्रत्यय देणारा तुमच्या अनुभवातील एक प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.